ॲस्टर कुणाचे?

सुकापूर, २४ जानेवारी २०१२

सौ. कुमुद हिस आशीर्वाद.

तू फोनवर येत नाहीस म्हणून पत्र लिहायची पाळी आली. दयारामला फोन केला की तो दर वेळी एकच सांगतो, "भावजी, ताई वाडीत गेलीय." तुझ्या भावाची चिरनेरची वाडी केवढी आहे ते मला माहीत आहे. तिथे दिवसभर लपायला जागा नाही.

रविवारी पुष्पप्रदर्शनात तू जे केलंस त्यानं माझी मान खाली गेली. मी स्टेजवर, हातात पहिल्या नंबरचा कप, समोर फोटोवाला. अध्यक्ष म्हणाले, वहिनींनाही वर बोलवा. आणि वहिनींची खुर्ची रिकामी. तुझं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. घरी आलो तर घराला कुलूप. तू पनवेल स्टँडवरूनच परस्पर एसटी धरून माहेरी गेलीस हे मला संध्याकाळी दयारामकडून कळावं?

तुझा राग कशाचा ते आपल्या प्रणितनं सांगितलं. प्रदर्शनाच्या अर्जावर माझं नाव घातलं याचा. मग कुणाचं घालायचं? गावात, पंचायतीत, पनवेलमध्ये लोक मला ओळखतात. कमळाकरशेठ म्हटलं की पुढची रांग रिकामी होते. शिवाय घरातलंच तर आहे. तुझं काय आणि माझं काय, सत्तावीस वर्षांत आपण असं कधी वेगळं मोजलं नाही.

कप हॉलमध्ये टीव्हीच्या वर ठेवला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो. चार कुंड्यांपायी घर मोडायचं नसतं. येत्या रविवारी गाडी पाठवतो, तयार राहा.

कमळाकर

*

चिरनेर, २९ जानेवारी

प्रणितच्या बाबांना,

नमस्कार लिहावासा वाटला नाही म्हणून लिहिला नाही. गाडी आली होती. तशीच परत पाठवली.

राग नावाचा नाही. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात बोटानं माझं नाव लिहिलंत, तेव्हापासून मी कुमुद आहे. मी काही म्हटलं का? राग तुमच्या भाषणाचा आहे.

तुम्ही माइक घेतलात आणि म्हणालात, "पहाटे पाचला उठून मी एकेका रोपाला पाणी घालतो. पोरांसारखी वाढवलीत." मी समोर बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होतात. मग त्या परीक्षक बाईंनी विचारलं, पेटुनियाचं बी धुळीएवढं असतं, त्याची रोपं कशी केलीत? तुम्ही म्हणालात, "प्रेमानं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बियाला प्रेम कळत नाही. त्याला चाळलेली माती लागते, बारीक रेती लागते, आणि पाणी वरून ओतायचं नसतं, खालून चढू द्यायचं असतं. हे बोलायला माझ्या ओठावर आलं होतं आणि माइक तुमच्या हातात होता.

आपली शेतं गेली तेव्हा तुम्हाला इमारत मिळाली, प्रणितला गाडी मिळाली. मला रिकामे हात मिळाले. दुपारी काय करावं ते कळत नसे. मग माझ्या मैत्रिणीनं, सफूरानं, तिच्या मुलानं कुवेतहून आणलेली ॲस्टरच्या बियांची उरलेली पुडी दिली. ती पनवेलच्या तिच्या गॅलरीत नेहमी काहीतरी लावते. मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पेरलं आणि विसरले. एका सकाळी बघते तर हिरवं.

भाताच्या रोपांची आवण मी परकर नेसत होते तेव्हापासून टाकत आले. भात रुजला म्हणून कधी हरखले नाही. तो रुजायलाच हवा होता, नाहीतर खाणार काय? हे बी रुजलं नसतं तर कुणाचंही अडलं नसतं. आणि तरी ते रुजलं. मी त्या डब्यापुढे उकिडवी बसून राहिले. खाली चहा उकळून आटला, पातेलं जळलं. तुम्ही वर आलात, डबा बघितलात आणि म्हणालात, "जमीन गेली तरी तुजा चिखल काय सुटत नाय."

तीन हिवाळे मी गच्चीवर तो चिखल केला. पाहुणे आले की कुंड्या टाकीमागे सरकवायला लावत होतात. ते कमळाकरशेठ स्टेजवर पहाटे पाचला उठत होते.

मी घरी तेव्हाच येईन, जेव्हा माणसांसमोर खोटं बोललात तशीच माणसांसमोर खरं बोलाल.

आता कामाचं. हे झाडांसाठी लिहिते, तुमच्यासाठी नाही. ॲस्टरची फुलं सुकायला लागलीत ती काढू नका, त्यांत बी धरतंय. ट्रेमध्ये झिनियाची रोपं नुकती वर आलीत, त्यांना सकाळी झारीनं पाणी. बाकी कशाला हात लावू नका.

कुमुद

*

सुकापूर, ५ फेब्रुवारी

सौ. कुमुद हिस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणी लिहिलंय.

निवडणूक तोंडावर आहे. घरात रोज वीस-पंचवीस माणसं. अशा वेळी मी उठून सांगू, की मी बायकोच्या फुलांवर कप मिरवला? विरोधक नाक्यावर पेढे वाटतील. तुला ते हवं आहे का? स्टेजवर माणूस चार शब्द जास्त बोलतो. त्याला खोटं म्हणत नाहीत, भाषण म्हणतात.

जेवणाचा डबा मागवतो. प्रणित बाहेरच खातो. तुला याचं काही वाटत नसेल तर बोलणं संपलं.

झाडं उत्तम आहेत. पाणी रोज जातं. ट्रेमधली रोपं चांगली वीतभर झालीत. ॲस्टर जशीच्या तशी आहेत. काळजी नसावी.

पार्सलनं साडी पाठवली आहे. पैठणी आहे. निवडणुकीनंतर ती नेसून ये, सत्यनारायण घालू.

कमळाकर

*

चिरनेर, १२ फेब्रुवारी

प्रणितच्या बाबांना,

काल सफूरा आली होती. पनवेलहून दोन गाड्या बदलून, गुडघे धरत. ती आपल्या घरी गेली होती, माझ्या ॲस्टरचं थोडं बी मिळेल का बघायला. ती गच्चीवर गेली आणि तशीच खाली उतरली.

तिनं मला आधी काही सांगितलं नाही. वहिनीनं चहा दिला, तो प्यायली. मग म्हणाली, "कुमुदताई, तुमच्या मिस्टरांनी सगळी फुलं तोडली. एक पण नाय ठेवली. मला तर कसंसंच झालं."

तुमच्या उमेदवाराला घालायला हार केलात. माझ्या ॲस्टरचा. बाजारात झेंडू संपला होता का? कुंड्या टाकीमागे एकीवर एक रचून गच्चीवर मांडव घातलात, कार्यकर्त्यांची जेवणं घातलीत. ट्रे उन्हात वाळून गेले. झिनिया वीतभर झाल्या होत्या म्हणे. तुम्ही त्या बघितल्यासुद्धा नव्हत्या. रोप इतक्या दिवसांत वीतभर होत नाही हे शेतकऱ्याच्या मुलाला कळू नये?

ती ॲस्टर मी तीन वेळा निवडून आणली होती. सगळ्यांत गडद जांभळं तेवढं ठेवायचं, त्याचं बी धरायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा त्यातलं गडद निवडायचं. ते बी दुकानात मिळत नाही. ते कुठेच मिळत नाही. तुम्ही ते एका माणसाच्या गळ्यात घातलंत आणि त्यानं गाडीत बसताना काढून फेकलं असेल.

स्टेजवर खोटं बोललात ते मी भाषण समजले असते. हे पत्रात खोटं बोललात. माझ्याशी. समोर दुसरं कुणी नव्हतं टाळ्या वाजवायला.

साडी परत पाठवली आहे. आता पत्र पाठवू नका.

कुमुद

*

सुकापूर, २८ फेब्रुवारी

कुमुद,

पाठवू नको म्हणालीस तरी पाठवतो. फाडायचं असेल तर वाचून फाड.

हो, तोडली. वाळत चाललेली फुलं टाकाऊ असतात असं मला वाटलं. तू लिहिलं होतंस, मी नीट वाचलं नव्हतं. खोटं लिहिलं कारण खरं लिहायला तोंड नव्हतं. उमेदवार पडला. हार त्यानं आपल्या दारातच काढला, तू म्हणतेस तसाच. मी तो उचलून आणला, पण पायदळी गेला होता. त्यातून काही निघेना.

पुढचं ऐक, आणि हे तुझ्यामुळे झालं आहे. नवीन पनवेलच्या महिला मंडळाच्या बारा-पंधरा बायका दोन आठवड्यांपूर्वी न सांगता दारात. "कमळाकरशेठ, तुमची बाग बघायची." मी वर न्यायला तयार नव्हतो, प्रणितनं नेलं. वर काय, मोकळ्या कुंड्या नि सुकलेले ट्रे. मी म्हटलं, हंगाम संपला. तर एकीनं पिशवीतून पेटुनियाची पुडी काढली आणि म्हणाली, पेरून दाखवा ना, आम्ही शिकायलाच आलोत.

मी पुडी फोडली आणि सगळं बी एका जागी ओतलं. वर मूठभर माती टाकली आणि तांब्याभर पाणी. त्या एकमेकींकडे बघत होत्या. जिन्यात पोचल्यावर हसल्या, ते मला वरपर्यंत ऐकू आलं. पंचवीस वर्षं मी माणसांत वावरतो. निवडणुका हरलो आहे, कोर्टात उभा राहिलो आहे. असा कधी उघडा पडलो नव्हतो. तू इथे असतीस तर हे झालं नसतं.

त्या रागात बाजारात जाऊन झिनियाची पुडी आणली. म्हटलं, बाईमाणसाला येतं ते मला न यायला काय झालं. ट्रेमध्ये पेरलं. रोज पाणी घातलं, माझ्या हातानं. काही आलं नाही. दुसरी पुडी आणली. तीही गेली.

का येत नाही ते कळव.

कमळाकर

*

चिरनेर, ५ मार्च

उत्तर देणार नव्हते. पण बियांचा काय दोष?

किती खोल पेरलंत? नारळ पुरतात तसं पुरलं असणार. नखाएवढी माती वर, बस. तुम्ही तांब्यानं पाणी ओतता, त्यानं बी कोपऱ्यात वाहून जातं आणि कुजतं. झारी टाकीच्या मागे आहे. मुंग्या नेतात, म्हणून ट्रे स्टुलावर ठेवा आणि स्टुलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. दुपारी सावली. उकरून बघू नका. तुम्ही उकरून बघत असणार.

मी इथे दयारामच्या वाडीत चार वाफे केलेत. वहिनी कुरकुरते, तिथे वांगी झाली असती म्हणते. तिचंही बरोबर आहे. पण ती तोंडावर बोलते.

"तू असतीस तर हे झालं नसतं" असं लिहिलंत. खरं आहे. मी असते तर मी आत चहा करत असते आणि तुम्हाला हळूच सांगितलं असतं काय बोलायचं ते. मग त्या बायका हसल्या नसत्या. म्हणूनच मी तिथे नाही.

कुमुद

*

सुकापूर, २० मार्च

कुमुद,

आलं.

सकाळी गेलो तर माती फुटलेली. एकेकाची मान वाकडी, डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं. मी प्रणितला हाक मारली, तो उठला नाही. मग खालच्या वॉचमनला वर बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "हां साहब, निकला है." त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला त्याचा इतका राग आला की त्याला खाली हाकलला.

बत्तीस रोपं होती. आता एकोणतीस. तीन आडवी झाली, बुडाशी काळी पडून. ते काय असतं? उरलेली जगतील ना? दुपारच्या सावलीला तुझी जुनी नऊवारी बांधली आहे, हिरवी. चालेल ना?

प्रणितशी भांडण झालं. त्याला गच्चीवर पत्रे टाकून जिम करायची आहे. ट्रे उचलायला लागला. मी ओरडलो, "हात लावलास तर बघ, आईची जागा हाय ती." तो म्हणाला, "बाबा, हे सगळं इलेक्शनपुरतं होतं ना?" त्याच्या कानाखाली मारणार होतो. मग वाटलं, त्याला हे शिकवलं कुणी.

काल पुष्पप्रदर्शनाच्या अध्यक्षांच्या ऑफिसात कप घेऊन गेलो. म्हटलं, नाव चुकलंय, माझ्या बायकोचं घाला. ते हसले. "कमळाकरशेठ, घरातलंच तर आहे. तुमचं काय नि वहिनींचं काय." माझंच वाक्य. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा किती कोडगं आहे ते कळलं. मी टेबलावर हात आपटला, कप तिथेच ठेवला आणि निघून आलो.

आता तरी ये.

कमळाकर

*

चिरनेर, २७ मार्च

प्रणितच्या बाबांना,

रोप बुडाशी काळं पडून आडवं झालं की पाणी जास्त झालंय. सकाळी एकदाच घाला. नऊवारी चालेल.

तुमचं पत्र वहिनीनं दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. टोपीच्या जागी ती हसली. मला हसू आलं नाही. मी वाडीत जाऊन बसले आणि तिथे मला इतका राग आला की हातातलं खुरपं फेकून दिलं.

तुम्हाला आनंद झाला. चांगलं झालं. पण तो डबा, ती सकाळ, ते आटलेलं पातेलं, हे माझं एकटीचं होतं. त्या घरात जन्मभर वावरले, एवढं एकच होतं ज्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. आधी त्याचा कप घेतलात. मग बी घेतलंत. आता ती सकाळही घेतलीत, आणि मलाच लिहून कळवता की कशी असते. बी कुणाच्याही हातून रुजतं, हे मला कळतं. त्याचाच राग येतो.

आणि ऑफिसात दार लावून एका माणसाला सांगितलंत, त्याला माणसांसमोर सांगणं म्हणत नाहीत. येत नाही.

कुमुद

*

सुकापूर, ८ एप्रिल

कुमुद,

माणसांसमोर सांगितलं. आता ऐक काय झालं ते.

परवा हनुमान जयंतीला देवळासमोर सत्कार होते. दहावी-बारावीची मुलं, कबड्डीचा संघ, आणि शेवटी मी, पुष्पप्रदर्शनाचं पहिलं बक्षीस गावात आणलं म्हणून. सगळा गाव होता. माइक हातात आला. शुद्ध बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून घरचंच आलं. म्हटलं, "हा सत्कार माजा नाय. ती फुलं माज्या बायकोची हायत. मी खोटा बोललो. मना बी पेराला पन येत नव्हता."

मला वाटलं आता कुणीतरी उठून शिवी देईल. तर मागून आवाज आला, "याला बोलतात मोठा माणूस." आणि टाळ्या. मी पुन्हा म्हटलं, अरे मी खोटा बोललो. तर लोक हसले, आणखी टाळ्या. सरपंचांनी शाल घातली. मी काढून खुर्चीवर ठेवली, तर म्हणाले, बघा, किती साधेपणा.

काल नाक्यावर फ्लेक्स लागला. माझा हात जोडलेला फोटो, वर "स्त्रीसन्मानाचा आदर्श". तुझा फोटो नाही. नावही नाही, "सौभाग्यवती" एवढंच. मागे फुलं छापलीत ती गुलाबाची.

भर दुपारी शिडी लावून मी तो उतरवला. फाडताना हात कापला. आता गावात चर्चा आहे की कमळाकरशेठला प्रसिद्धीचा हव्यास नाही.

मी काय करू ते तूच सांग. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं. खरं बोललो तर तेही माझ्याच खात्यात जमा झालं. घरी येऊन मी गच्चीवर बसलो आणि रागानं रडलो. असा मी वडील गेले तेव्हाही रडलो नव्हतो.

झिनियांना कळ्या आल्या आहेत. पानांवर पांढरी भुकटी दिसते.

तू ये असं ह्या वेळी लिहीत नाही.

कमळाकर

*

चिरनेर, १४ एप्रिल

प्रणितच्या बाबांना, नमस्कार.

पानांवरची ती भुरी आहे. खालची पानं काढून टाका, कुंड्या लांब लांब ठेवा, वारा खेळू द्या. पानांवर पाणी घालू नका.

तुमचं पत्र वाचून राग आला. पण पहिल्यांदाच तुमचा नाही. मी तुम्हाला म्हटलं होतं माणसांसमोर खरं बोला, आणि वाटलं होतं की तुम्ही बोललात की माझं मला मिळेल. ते तुमच्या तोंडून मिळणारच नव्हतं. तुम्ही काही बोललात तरी लोक तुमचंच ऐकणार. शिडी लावलीत ते बरं केलंत. हाताला हळद लावा.

मी नवीन पनवेलच्या त्या महिला मंडळाला पत्र घातलं. पत्ता सफूरानं काढून दिला. लिहिलं, तुम्ही ज्यांच्या गच्चीवर येऊन गेलात तिथली फुलं मी करत होते. बी कसं पेरायचं ते मी दाखवीन, पेटुनियाचं पावसाळा सरल्यावर, आता झिनिया आणि तेरडा. त्यांचं उत्तर आलं. २२ तारखेला, रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये बोलावलंय. मला बोलायची सवय नाही. काल वाडीत एकटीच मोठ्यानं बोलून बघितलं, तर वहिनी धावत आली, कुणाशी भांडतेस म्हणून.

आदल्या दिवशी मी सफूराकडे राहीन. गाडी पाठवू नका. रविवारनंतर घरी येईन की इथे परत येईन ते ठरलेलं नाही, आणि कुणी विचारलेलं मला आवडणार नाही. प्रणितला सांगा, पत्रे टाकायचे तर खाली पार्किंगमध्ये टाक.

तुमची पहिली झिनिया उमलली की तोडू नका. झाडावरच पूर्ण वाळू द्या. देठ करकरीत झाला की मगच काढा आणि बी कागदात ठेवा. ते बी तुमचं. मी मागणार नाही.

हॉलमध्ये यायचं असेल तर या. कुणी विचारलं, आपण कोण, तर सांगा, मी कुमुदचा नवरा. त्यापुढे एक शब्द बोलू नका.

कुमुद